वॉश्ड, नॅचरल, हनी : फरक जिभेला कळतो की पाकिटावर वाचून?

अर्धाकप

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आठ महिने झाले, घरी दाणे दळून कॉफी करतोय. पाकिटावर 'नॅचरल' वाचलं की मला स्ट्रॉबेरी लागायची, 'वॉश्ड' वाचलं की लिंबू. परवा धाकट्या बहिणीने दोन डब्यांची लेबलं गुपचूप अदलाबदल केली. मी आपला वॉश्डचा कप हातात धरून तिला पाच मिनिटं स्ट्रॉबेरी समजावून सांगत होतो. ती शांतपणे ऐकत होती, मधूनमधून 'हो का रे दादा' म्हणत होती. तेव्हाच संशय यायला हवा होता. आता घरात माझं नाव स्ट्रॉबेरी पडलंय.

तर प्रश्न असा. चेरी, म्हणजे कॉफीचं फळ, सोलून-धुऊन सुकवली (वॉश्ड), अख्खीच सुकवली (नॅचरल), की अर्धवट सोलून सुकवली (हनी), याने चवीत जो फरक पडतो तो डोळे मिटून ओळखता येतो का? येत असेल तर जिभेला ते वळण लावायचं कसं? मी एकदा इथिओपियाची नॅचरल आणि कोलंबियाची वॉश्ड शेजारी ठेवून प्यायलो. फरक भरपूर जाणवला, पण तो नेमका कशाचा ते काही सांगता येईना.

गाळणी

बहिणीला दंडवत. वाचतोय.

काळीसाधी

फरक पाकिटाचाच असतो. कॉफीला कॉफीची चव लागते. बाकी स्ट्रॉबेरी-बिट्रॉबेरी ही छापखान्याची करामत.

पार्चमेंट

अर्धाकप, तुमच्या जिभेला काही झालेलं नाही, मांडणी चुकली. इथिओपिया-कोलंबिया जोडीत देश वेगळा, झाडाची जात वेगळी, उंची वेगळी, बहुतेक भाजणीही वेगळी. इतकं सगळं एकदम बदललंत आणि पावती मात्र प्रक्रियेच्या नावाने फाडलीत.

मी काही वर्षं एका रोस्टरकडे, म्हणजे दाणे भाजून विकणाऱ्याकडे, रोज सकाळी कपिंग करायचे, म्हणजे चमच्याने कॉफी चाखून तपासायचे. सुरुवातीचे कित्येक आठवडे मला एकाही फळाचं नाव घ्यायची परवानगी नव्हती. तेव्हा राग यायचा. आता कळतं की तेच बरोबर होतं.

जोडी अशी शोधा: एकच मळा, एकच जात, एकच हंगाम, फक्त प्रक्रिया वेगळी. कोस्टा रिकातले बरेच लहान उत्पादक एकाच पिकाच्या दोन-तीन तऱ्हा करतात, आणि अशा जोड्या मुद्दाम विकणारे रोस्टरही असतात. रोस्टर एकच हवा, भाजल्याच्या तारखा जवळच्या हव्यात आणि भाजणी हलकी हवी. गडद भाजलीत की धूर, करपट कडूपणा आणि जळक्या साखरेची चव वर येते. त्याखाली प्रक्रिया शोधणं म्हणजे फोडणीच्या धुरात अत्तर शोधणं.

मग फिल्टर-बिल्टर बाजूला ठेवा आणि साधं कपिंग करा. प्रमाण १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम, घरचा कप २०० मिलीचा असेल तर ११ ग्रॅम. दळण जरा जाडसर. पाणी ९३ अंशांच्या आसपास. ओतलं की चार मिनिटं हात लावायचा नाही. वर चोथ्याचा जाड थर जमतो. नाक कपाशी नेऊन चमच्याच्या पाठीने तो थर तीनदा मागे सारायचा. त्या क्षणी जो वास उसळतो तो पुन्हा मिळत नाही, म्हणून नाक तिथेच ठेवा, चटका बसेल इतकं जवळ नको. मग वरचा फेस काढून टाका आणि थांबा. घाई इथेच होते. पाणी ओतल्यापासून आठ-दहा मिनिटांनी कप सत्तरेक अंशांवर येतो, तेव्हा पहिला चमचा. चांगला आवाज करत भुरका मारायचा. घरचे हसतील, हसू द्या. भुरक्याने कॉफीचे तुषार होऊन वास घशामागून नाकात चढतो आणि निम्मी चव तिथेच असते.

आता काय शोधायचं? फळ नाही. पहिल्या दिवशी स्वतःला तीनच गोष्टी विचारा. आंबटपणा कुठे लागतो, जिभेच्या कडांना चुणचुणतो की सगळीकडे पसरून बोथट होतो? कॉफी पाण्यासारखी सरकते की सरबतासारखी रेंगाळते? आणि गिळल्यावर तोंड किती लवकर मोकळं होतं? वॉश्डमध्ये कडा बहुधा धारदार असतात आणि शेवट स्वच्छ. नॅचरलमध्ये कडा बोथट, मधला भाग जड, आणि गिळून झाल्यावरही काहीतरी मागे राहतं. ते 'काहीतरी' ओळखू आलं की नाव आपोआप सुचतं. नाव आधी घेतलं की जीभ ते शोधत बसते आणि नसलं तरी सापडवते. तुमची स्ट्रॉबेरी तशीच सापडली.

गाळणी

'फोडणीच्या धुरात अत्तर' हे वहीत लिहून घेतलं आहे.

दुसरीवाफ

मी अगदीच नवीन, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. हनी कॉफीत मध घालतात का?

पार्चमेंट

नाही. हा प्रश्न सगळेच विचारतात, काही जण फक्त मनात विचारतात.

चेरीचं साल यंत्राने काढलं की आतल्या दाण्याभोवती एक बुळबुळीत, गोडसर थर राहतो. हातात घेतला तर दाणा माशासारखा निसटतो. वॉश्डमध्ये हा थर टाकीत आंबवून सुटा करतात, साधारण १२ ते ३६ तास, थंड हवेत आणखी जास्त, आणि मग धुऊन टाकतात. हनीमध्ये तो अंगावर ठेवूनच दाणे सुकवतात. सुकताना तो मधासारखा चिकट आणि पिवळसर-तांबूस होतो, म्हणून नाव हनी. कोस्टा रिकात याच्या पांढरी, पिवळी, लाल, काळी अशा पायऱ्या करतात. थर जितका जास्त ठेवला आणि सुकवणं जितकं सावलीत, संथ केलं, तितका रंग गडद. पण एका मळ्याची लाल हनी दुसऱ्याच्या पिवळीसारखी असू शकते. रंगाचं काही पक्कं माप नाही, त्यामुळे पाकिटावरच्या रंगावर फार विसंबू नका. ब्राझीलमध्ये याच कुळातल्या पद्धतीला पल्प्ड नॅचरल म्हणतात.

नॅचरल म्हणजे चेरी अख्खी सुकवायची, तीन-चार आठवडे, रोज अनेकदा उलथी-पालथी करत. थर जाड झाला किंवा उलथायला उशीर झाला की खालच्या चेऱ्या कुजायला लागतात. चांगली नॅचरल आणि बिघडलेली नॅचरल यांच्यात अंतर फार थोडं असतं, ते याचमुळे.

दुसरीवाफ

धन्यवाद ताई. म्हणजे नॅचरलमध्ये फळाचा रस दाण्यात मुरतो, म्हणून ती फळासारखी लागते, बरोबर ना?

सूक्ष्मजीव

हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलंय की खोडायला आलो.

कॉफीचा दाणा म्हणजे लोणच्याची फोड नव्हे, मुरायला. ते जिवंत बी आहे, आणि काढणीनंतरही ते आपली कामं करत असतं. साल निघालं आणि पाणी मिळालं की बी रुजण्याच्या तयारीला लागतं. वॉश्डमध्ये नेमकं हेच होतं. त्या धडपडीत ते आपल्याजवळचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज खर्च करतं. अख्ख्या चेरीत सुकणाऱ्या बीचा हा खर्च होत नाही, पण त्याला पाण्याचा ताण बसतो आणि त्यात गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल नावाचा पदार्थ साठतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात डिर्क सेल्मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात हे नीट मोजून दाखवलं. सुक्रोज, म्हणजे दाण्यातली मुख्य साखर, दोन्हीकडे जवळपास सारखीच राहते. म्हणजे नॅचरलमध्ये बाहेरून साखर आली असं म्हणण्यापेक्षा वॉश्डमध्ये आतली थोडी खर्च झाली, असं म्हणणं जास्त बरोबर.

या साध्या साखरा आणि अमिनो आम्लं भाजताना एकमेकांशी भिडतात, आणि तिथून वासाचे पुढचे पदार्थ तयार होतात. कच्चा माल वेगळा, म्हणून भाजल्यावरचा वास वेगळा. शिवाय बाहेरच्या गरात यीस्ट आणि जिवाणूंचा कारभार चालू असतोच. यीस्ट फळासारख्या वासाचे एस्टर बनवतं, काही जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, काही ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरचं आम्ल. हे शेवटचं थोडं असेल तर झणझणीत फळ वाटतं, जास्त झालं तर कप ओतून द्यावा लागतो.

आणखी एक. कपातल्या कॉफीत साखर जवळजवळ नसते, भाजताना ती संपते. 'गोड' म्हणून जे वाटतं ते बरंचसं वासाचं काम. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. आंबट, कडू, जड हे सगळं कळेल, फळ गायब. नाक सोडा, फळ परत हजर.

काळीसाधी

आता करून पाहिलं. नाक धरून फक्त कडू पाणी लागलं. मान्य. पण याने एवढंच सिद्ध होतं की नाक नसेल तर कॉफी वाईट लागते. प्रक्रिया ओळखता येते हे कुठे सिद्ध झालं?

तीन कप मांडा. दोनात एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कप ओळखून दाखवा. नाहीतर ही सगळी चर्चा पाकिटावरच्या मजकुराचीच.

सूक्ष्मजीव

काळीसाधी, तुम्ही न मागता योग्य चाचणी सांगितलीत. यालाच त्रिकोण चाचणी म्हणतात, कॉफीचे परीक्षक याच पद्धतीने तपासले जातात. गणित असं: आंधळेपणाने बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. सहा वेळा केलं तर नुसत्या नशिबाने सरासरी दोन बरोबर. चार किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण दहा टक्के, म्हणजे चारवर उड्या मारू नका. पाच किंवा जास्त नशिबाने यायची शक्यता दोन टक्क्यांच्या आत. पाच आले तर काहीतरी खरंच कळतंय.

अर्धाकप

आव्हान स्वीकारलं. कोस्टा रिकाची एकाच मळ्याची, एकाच जातीची वॉश्ड आणि नॅचरल मागवली आहे, एकाच दिवशी भाजलेली. बहीण पंच.

उतू_गेलं

मंडळी, इतक्या जुनाट पद्धतींवर वेळ घालवताय, त्यापेक्षा अनएरोबिक घ्या. पहिल्या वासात कळतं, चाचणी-बिचणी लागत नाही. मी घेतलेलीला दालचिनी आणि लाल द्राक्षाचा वास होता, दळताना खोलीभर.

पार्चमेंट

हवाबंद टाकीत आंबवलेली कॉफी ओळखणं सोपं असतं हे खरं. २०१५ साली सिएटलला साशा शेस्टिच जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकले ते कार्बनिक मॅसरेशन केलेल्या कॉफीवर. वाईनवाल्यांची ती पद्धत, टाकीत कार्बन डायऑक्साइड भरून फळ आंबवायचं. त्यानंतर टाक्यांचं पेवच फुटलं.

पण शिकण्यासाठी हा रस्ता मला पटत नाही. मोठ्या आवाजात गाणं ऐकून सूर ओळखायला शिकता येत नाही. बहुतेक अनएरोबिकमध्ये प्रक्रिया इतकी पुढे येते की मळा कुठला, जात कुठली हे मागे पडतं. दुसरं म्हणजे, दालचिनीचा वास टाकीतल्या आंबवण्याने आला की टाकीत दालचिनीच टाकली होती, हे कपावरून सांगणं कठीण. फळं-मसाले घालून आंबवलेल्या कॉफ्या मिळतात. पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर माझी तक्रार नाही. लिहिलेलं नसतं तेव्हा डोकं फिरतं.

उतू_गेलं

आवडली म्हणून प्यायलो, गुन्हा केला का?

पार्चमेंट

अजिबात नाही, खुशाल प्या. आवडणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. धागा ओळखण्याचा आहे.

गाळणी

धागा भरकटायच्या आत एक विचारतो. माझ्या नॅचरलमध्ये नेहमी थोडी शेंगदाण्याच्या टरफलासारखी चव येते. पुठ्ठ्यासारखी. ही नॅचरलची खूण समजायची का?

पार्चमेंट

नाही! बरं झालं विचारलंत. ही प्रक्रियेची चव नव्हे, कच्च्या चेरीची. दळायच्या आधी दाणे पांढऱ्या ताटलीत पसरा. बाकीच्या तपकिरी दाण्यांत काही फिके, भुरकट दाणे दिसतील, भाजूनही रंग न धरलेले. त्यांना क्वेकर म्हणतात. ते कच्च्या फळातून आलेले असतात, आत साखर कमी, म्हणून नीट भाजलेच जात नाहीत. वॉश्डमध्ये सोलताना आणि धुताना असा बराच माल बाजूला होतो. नॅचरलमध्ये हाताने निवडला नाही तर थेट पाकिटात. एका कपात दोन-तीन असले तरी अख्खा कप पुठ्ठा होतो. वेचून काढा, दोन्ही कप शेजारी ठेवून प्या. आणि वेचलेले दाणे वेगळे साठवून एकदा त्यांचाच कप करा, म्हणजे ती चव कायमची लक्षात राहील. पिववणार नाही, हे आधीच सांगते.

अशीच एक युक्ती जास्त आंबण्यासाठीही. वॉश्ड कॉफीच्या एका कपात व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका आणि न टाकलेल्या कपाशेजारी ठेवून प्या. आंबवण्याचा तोल गेला की कुठली कड वर येते ते एकदा कळलं की नॅचरल पिताना 'हे फळ की हा बिघाड' हे ठरवता येतं.

गाळणी

४० ग्रॅममध्ये अकरा फिके दाणे सापडले. ते वगळून केली. इतके दिवस मी पुठ्ठा पीत होतो आणि त्याला 'नटी' म्हणत होतो.

अर्धाकप

निकाल, फेरी पहिली : सहापैकी दोन. म्हणजे सूक्ष्मजीव यांच्या हिशेबाने मी नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. तीन बाजूंचं नाणं.

काळीसाधी

काही बोलत नाही.

अर्धाकप

फेरी दुसरी, आज सकाळी : सहापैकी सहा!!! काळीसाधी, आता बोला.

सूक्ष्मजीव

सहा? दोनवरून एका आठवड्यात? अभिनंदन करायच्या आधी एक विचारतो, बहीण ओतते कशी?

अर्धाकप

:-( लिहायला लाज वाटतेय.

मी तिला विचारलं. ती दोन प्रेसमध्ये दोन कॉफ्या करते. आधी जोडीचे दोन कप भरते, मग दुसरा प्रेस उचलून एकटा कप. म्हणजे एकटा कप सर्वांत शेवटी भरलेला, सर्वांत गरम. मी घोट घ्यायच्या आधीच, ओठाला कड लागली की 'हाच' म्हणत होतो, आणि मला प्रामाणिकपणे वाटत होतं की मला फळाचा वास आला. चवीचा निर्णय ओठांनी घेतला आणि श्रेय नाकाने लाटलं. बहिणीने पुन्हा 'हो का रे दादा' म्हटलं.

काळीसाधी

आता बोलतो. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

पार्चमेंट

मन खट्टू करून घेऊ नका, हा चोर सगळ्यांच्या घरी शिरतो. आमच्याकडे एकाने चमचा ठेवण्याच्या जागेवरून ओळखलं होतं. दाणे दिसले तरी गळती होते. हलक्या भाजलेल्या वॉश्ड दाण्याच्या मधली रेघ पांढरट दिसते, नॅचरलची तपकिरी. त्यामुळे दळणसुद्धा दुसऱ्याने करावं. काही चाचणीच्या खोल्यांत रंग कळू नये म्हणून लाल दिवा लावतात.

आता असं करा. तिन्ही कप भरून झाले की बहिणीने ते पाच-सात मिनिटं झाकून ठेवावेत, जागा अदलाबदल कराव्यात, मग तुम्ही खोलीत यायचं. आणि चाचणी कोमट कपावर करा, गरम कपावर नको. गरम असताना सगळ्याच कॉफ्या गोड बोलतात. कोमट झाली की वॉश्डचा आंबटपणा आणखी स्पष्ट होतो, बहुतेक वेळा लिंबाकडून सफरचंदाकडे सरकतो. नॅचरल थंड होताना तिची दारूसारखी, अति पिकलेल्या फळासारखी बाजू दाखवते. बिघडलेली असेल तर याच वेळी पकडली जाते.

दुसरीवाफ

ताई, चवीच्या नावांचं ते रंगीत चक्र मिळतं, ते समोर ठेवून प्यावं का?

पार्चमेंट

शेवटी ठेवावं. ते चक्र १९९५ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये नव्याने मांडलं गेलं. नव्या मांडणीमागे वर्ल्ड कॉफी रिसर्चचा चवींचा कोश आहे. त्यात प्रत्येक चवीसाठी एक प्रत्यक्ष नमुना दिलाय: हा वास म्हणजे नेमका अमुक पदार्थ, अमुक प्रमाणात. दोन माणसांची 'बेरी' एकच असावी म्हणून. घरी इतकं नको. मनुका, अति पिकलेलं केळं, सफरचंद, काळा कोरा चहा एवढे वास ताजे हुंगून ठेवले तरी पुष्कळ. चक्र समोर धरून प्यायलात की त्यातलाच शब्द निवडाल, जसा अर्धाकप यांनी पाकिटावरचा निवडला.

सूक्ष्मजीव

सहमत. एक भर: पार्चमेंटताईंनी वॉश्ड म्हणजे 'धारदार आणि स्वच्छ' म्हटलं ते बहुतांशी खरं, पण त्याला नियम समजू नका. केनियात आंबवून धुतलेले दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायची रीत आहे. तिथल्या एसएल-२८ जातीची वॉश्ड कॉफी ब्लॅककरंट नावाच्या बेरीसारखी इतकी रसाळ लागते की नवखा माणूस पैजेवर नॅचरल म्हणेल. फळ आलं म्हणजे नॅचरल, हे समीकरण तिथे साफ कोसळतं. शेवट तपासायचा. तो स्वच्छ असतो.

आणि सुमात्रावाले तिसरंच करतात. गिलिंग बासा. दाण्यात तिसेक टक्के ओलावा असतानाच त्याच्याभोवतीचं पार्चमेंट नावाचं कवच काढायचं आणि उघडा दाणा सुकवायचा. बाकी जग दाणा १०-१२ टक्क्यांवर सुकेपर्यंत कवचाला हात लावत नाही. कच्चा दाणा निळसर-हिरवा दिसतो, कपात आंबटपणा दबलेला, जडपणा भरपूर, ओल्या लाकडाचा आणि मातीचा वास. मान्सून्ड मलबारमध्ये तर सुकलेला दाणा मुद्दाम तीन-चार महिने पावसाळी वाऱ्यात ठेवतात. तो फुगतो, फिका पडतो आणि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. प्रक्रियेने चव बदलते की नाही, ही शंका ज्यांना असेल त्यांनी या दोनांपासून सुरुवात केली तरी चालेल. काळीसाधी, तुमचंच नाव घेत नाहीये.

काळीसाधी

घेतलंत तरी चालेल. आंबटपणा नसलेली कॉफी असते हे आधी सांगितलं असतं तर भांडलोच नसतो. मला आंबट कॉफी सहन होत नाही, म्हणून गडद पितो.

अर्धाकप

तीन आठवड्यांनी परत आलो. कप झाकून, जागा बदलून, कोमट करून.

फेरी तिसरी : चार. फेरी चौथी : तीन (सर्दी होती, बहाणा नाही, पण सर्दी होती). फेरी पाचवी : पाच. फेरी सहावी, काल : पाच.

काय बदललं ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर. पहिले दोन आठवडे मी घोट तोंडात असताना काहीतरी शोधत होतो, आणि तोंडात तिन्ही कप मला सारखेच लागत होते. मग ताईंचा तिसरा प्रश्न तेवढा धरला : तोंड कधी मोकळं होतं. घोट गिळायचा, तोंड मिटायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. वॉश्ड दहा-बारापर्यंत जाते, मागे लिंबाच्या सालीसारखं काहीतरी बारीक ठेवून. नॅचरल वीसला असतेच, गालांच्या आतल्या बाजूला, मनुकेच्या सालीसारखी किंचित तुरट. ही मनुका मी शोधली नव्हती, मोजताना आपोआप आली. स्ट्रॉबेरी मात्र एकदाही आली नाही.

हनीने नाक कापलं. त्याच मळ्याची पिवळी हनी आणि वॉश्ड : सहापैकी दोन. हनी आणि नॅचरल : तीन.

आणि बहीण. तिला कॉफी आवडत नाही, चहावाली आहे. गंमत म्हणून बसवली. वॉश्ड-नॅचरल, सहापैकी सहा. ओतणारा मी होतो, झाकून, जागा बदलून. कसं ओळखलंस विचारलं तर म्हणे, 'एक प्यायल्यावर पाणी प्यावंसं वाटतं, एक प्यायल्यावर नाही.'

पार्चमेंट

बहिणीला कामावर ठेवायला हवं. तिच्या डोक्यात कॉफीचे शब्दच नाहीत, त्यामुळे तिला अडवायला काही नव्हतं.

पिवळ्या हनीचं मनाला लावून घेऊ नका. पिवळी हनी आणि वॉश्ड मीही सरसकट ओळखू शकत नाही. ज्या दिवशी ओळखते त्या दिवशी बहुतेक जडपणावरून, चवीवरून नव्हे. काळी हनी घेऊन बघा, अंतर जास्त मिळेल. आणि त्याच वॉश्ड-नॅचरल जोडीचं उरलेलं पाकीट महिन्याभराने पुन्हा मांडा. जुनी झाल्यावर दोघींचा वास उतरतो आणि काम अवघड होतं. त्यावर पाच आले तर कळवा.

काळीसाधी

ती मान्सूनवाली मागवली. गडद नको, मध्यम भाजलेली द्या म्हटलं. आंबट नाहीये. एकीकडे जुन्या कपाटासारखा वास येतोय, पण आंबट नाहीये. दुसरा कप पितोय.

अर्धाकप

काळीसाधी, तीन कप मांडा ना मग.

काळीसाधी

मांडणार कोण? बायको म्हणाली, 'तुम्हीच ओता, तुम्हीच ओळखा.'

गाळणी

कप काय, एकाच्या बुडाला खालून खूण करायची, डोळे मिटून तिन्ही फिरवायचे. मी एकटा राहतो, असंच करतो. झाल्यावर कप उलटा करून बघायचा. कॉफी संपवून मग उलटा करायचा, हे अनुभवाने सांगतोय.